रेघेवरची गोळी

आमच्या नोकरदार मराठी मंडळींत एक वाक्य फार रूढ झाले आहे. रविवारी सकाळी रायफल क्लबात जाणाऱ्या कोणाही गृहस्थास विचारा, "काय, कालचा सामना कसा झाला?" तो हसून म्हणेल, "छे हो, सामना कसला! आम्ही हौशी माणसे. चार मित्र जमतात, चार गोळ्या झाडतात, चहा होतो. गुण मोजतो कोण?" ऐकावयास हे वाक्य मोठे निरागस वाटते. त्यात नम्रता आहे, खेळकरपणा आहे, आणि हारजितीच्या पलीकडे गेल्याचा किंचित आविर्भावही आहे. आमचे म्हणणे असे की, हौशी रिव्हॉल्व्हर-नेमबाजीची जी हानी होत आहे ती याच वाक्याने होत आहे. ज्या क्लबात गुण काटेकोर मोजले जात नाहीत तेथे स्पर्धा तर उरत नाहीच; पण ज्या मैत्रीच्या नावाने हा ढिलेपणा खपवून घेतला जातो ती मैत्रीही उरत नाही. मागे राहते ती केवळ ओळख, आणि तीही हुद्द्यांच्या उतरंडीने लावलेली.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे, कारण आमचा सारा वाद पाच सेंटिमीटरांच्या एका वर्तुळाभोवती फिरणारा आहे. रिव्हॉल्व्हर घेऊन ज्या स्पर्धेत सामान्य माणसास उतरता येते ती पंचवीस मीटरांची 'सेंटर फायर' स्पर्धा. एकंदर ६० गोळ्या, प्रत्येकीस अधिकांत अधिक १० गुण, म्हणजे पूर्ण गुण ६००. पहिल्या ३० गोळ्या संथपणे झाडावयाच्या. पाच पाच गोळ्यांच्या सहा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीस पाच मिनिटे. पुढच्या ३० मध्ये मात्र खरी परीक्षा असते. हात खाली पंचेचाळीस अंशांत धरून उभे राहावयाचे, लक्ष्य तीन सेकंद समोर येणार, तेवढ्यात हात उचलून एकच गोळी झाडावयाची. मग सात सेकंद विश्रांती, आणि पुन्हा तीन सेकंद. हात एकच, दुसऱ्याचा आधार नाही. संथ टप्प्यात दहाचे वर्तुळ पाच सेंटिमीटर व्यासाचे. रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत सहा घरे असली तरी गोळ्या पाचच भरावयाच्या. सहावे घर रिकामे. त्या सात सेकंदांत अंगठ्याने घोडा मागे ओढून घेण्यास पुरेशी सवड मिळते, आणि म्हणूनच हे जुने शस्त्र या स्पर्धेत नव्या पिस्तुलांच्या जोडीने अद्याप उभे राहू शकते.

आपल्याकडे सामान्य परवानेदाराच्या वाट्यास येते ते बहुधा 'पॉइंट बत्तीस'. पॉइंट अडतीस आणि नऊ मिलिमीटर ही मापे कायद्याने निषिद्ध वर्गात मोडतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातून निघालेले हे पॉइंट बत्तीस मुळात स्वसंरक्षणासाठी घडविलेले. त्याची माशी जागच्या जागी पक्की, चाप जड, मूठ आखूड. परंतु त्याचे जे काडतूस, तेच 'पॉइंट बत्तीस लाँग', ते जगभरच्या सेंटर फायर नेमबाजांचे आवडते काडतूस आहे. भेद इतकाच की ते लोक सपाट तोंडाची गोळी वापरतात. ती कागदात पंच मारल्यासारखे स्वच्छ भोक पाडते. आपली गोल नाकाची शिशाची गोळी कागद कापीत नाही, फाडते. भोकाच्या कडा आत दुमडतात, आणि गोळी रेघेला शिवली की नाही हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही.

येथे आमच्या विषयास आरंभ होतो. नियम असा की, भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेघेस नुसती शिवली तरी वरचे गुण द्यावयाचे. शंका आली तर गेज घालून पाहावयाचे. सेंटर फायरसाठी हे गेज ९.६५ मिलिमीटरांचे असते आणि ते सर्वांस एकच. तुमची गोळी पॉइंट बत्तीसची असो वा पॉइंट अडतीसची, मोजमाप मोठ्या गोळीचे. गरिबाच्या लहान गोळीस श्रीमंताच्या मोठ्या गोळीइतकाच मान देणारा हा नियम ज्या कोणी केला त्यास आमचा नमस्कार असो. दुसरे कलम असे की, एका भोकात गेज एकदाच घालावयाचे, आणि तेही पंचाने. पुनःपुन्हा घातल्यास भोक रुंदावते आणि आठाचे नऊ होतात. जागतिक सामन्यांतून हल्ली विजेवर चालणारी लक्ष्ये आली, तेथे हा प्रश्नच संपला. आमच्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या क्लबांत मात्र कागद आहे, गेज आहे, आणि ते धरणारा माणूस आहे. माणूस आला की त्याचे साहेबही आले.

उत्तरेकडील एका शहरी काही वर्षे आमचे वास्तव्य होते. तेथील क्लबात मासिक सामने भरत. लक्ष्यपत्रे तपासण्याचे काम एका तरुण कारकुनाकडे असे. मुलगा सालस, नजर तीक्ष्ण. क्लबाचा एक जुना सभासद त्याच्याच खात्याचा वरिष्ठ अधिकारी होता. आम्ही अनेकदा पाहिले की, या अधिकाऱ्याच्या कागदावर आठ आणि नऊ यांच्यामध्ये एखादी गोळी असली, की तो मुलगा गेज न काढता क्षणभर वाकून पाही आणि नऊ लिही. अधिकाऱ्याने हे त्याला कधी सांगितले नव्हते. हेच तर या रोगाचे लक्षण आहे. सांगावे लागत नाही! साहेब त्या वेळी पाठ करून रिव्हॉल्व्हर पुशीत असत, आणि गुणांची बेरीज हाती आली की प्रामाणिक आनंदाने ती वाचीत. त्यांना अप्रामाणिक म्हणणे अन्यायाचे होईल. ते फक्त पाहत नसत.

त्यांच्याशी चुरस करणारे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचे गुण साहेबांच्या जवळपास, कधी दोन वर, कधी तीन खाली. सुभेदार बोलले काहीच नाहीत. लष्करात आयुष्य घालविलेला माणूस. कोठे बोलून उपयोग नाही हे तो जाणून होता. चार महिन्यांनी त्यांचे येणे बंद झाले. साहेबांना त्याचे मनापासून वाईट वाटले. "सुभेदारसाहेब येत नाहीत, मजा नाही राहिली," असे ते चहाच्या वेळी म्हणत. पुढे राज्याच्या सामन्यांत, जेथे गेज धरणारा त्यांचा कोणी लागत नव्हता, त्यांचे गुण घसरले. तेव्हा दोष डोळ्यांवर येणाऱ्या उन्हावर पडला. आम्ही विचारतो, त्या कारकुनाने साहेबांवर उपकार केला की अपकार? साहेबांचा चाप ओढताना मनगट डावीकडे झुकते हे त्यांना सांगणारी एकच वस्तू जगात होती, आणि ती म्हणजे तो कागद. त्या कागदासच खोटे बोलावयास लावले.

आता याच्या उलट एक जोडी सांगतो. एक मलयाळी हिशेबतपासनीस आणि एक आमचे मराठी अभियंता. दोघे एकाच ढालीसाठी कित्येक वर्षे झगडत होते, आणि झगडत होते हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरतो. एकाची फेरी चालू असता दुसरा दुर्बीण लावून मागे उभा. प्रत्येक जण दुसऱ्याचा कागद स्वतः तपासल्यावाचून सही करीत नसे. एका सामन्यात मलयाळी गृहस्थांच्या एका गोळीस पंचाने आठ लिहिले. ते स्वतः काही बोलले नाहीत. अभियंत्याने मात्र गेजची मागणी केली. गेज घातले, कड रेघेस शिवत होती, आठाचे नऊ झाले, आणि त्या एका गुणाने ढाल मलयाळी घरी गेली. क्लबातील काही मराठी मंडळींनी अभियंत्यास वेड्यात काढले. पुढे त्याची बदली झाली तेव्हा खात्यातील माणसे स्टेशनावर हार घेऊन आली होती. हा हिशेबतपासनीस शेवटच्या सामन्याचा कागद गुंडाळी करून घेऊन आला होता.

रिव्हॉल्व्हर आणि हुद्दा यांचे हे साटेलोटे आजचे नव्हे. १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसास परवान्यावाचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि युरोपियनांस मात्र त्यातून सूट मिळाली. तेव्हापासून ज्याच्या घरी परवान्याचे रिव्हॉल्व्हर तो सरकारच्या विश्वासातला, असा समज आपल्या मध्यमवर्गात मुरला. तो परवाना म्हणजे राजनिष्ठेचे प्रशस्तिपत्रच होते म्हणा ना! स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, तो १९६२ च्या ऑक्टोबरात अमलात आला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानेदारास तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगण्याची मुभा राहिली. कायदे बदलले, पण आमच्या बैठकीच्या खोलीतील भाव बदलला नाही. कपाटात कुलूपबंद पडलेल्या, वर्षानुवर्षे एक गोळीही न झाडलेल्या रिव्हॉल्व्हरविषयी यजमान पाहुण्यांस ज्या खालच्या सुरात सांगतात तो सूर वाचकांनी ऐकला असेलच. असा माणूस क्लबात येतो तेव्हा तो नेम शिकण्यास येत नाही. कपाटातील प्रतिष्ठेस हवा खाववण्यास येतो. त्याला आठ गुण मिळाले तर ती प्रतिष्ठा दुखावते, आणि ती दुखावू नये याची काळजी भोवतालचे घेतात.

हुद्दा आणि नेम यांचा संबंध किती, याचे उत्तर या खेळाच्या इतिहासाने एकदा चोख दिले आहे. हंगेरीच्या सैन्यात कारोली टाकाच नावाचा एक सार्जंट होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्याचा विचार झाला नाही. कारण हंगेरीत तो मान केवळ कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांपुरता राखलेला होता. ती अट पुढे उठली, आणि १९३८ साली सरावात सदोष हातबाँब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने कोणास न सांगता डाव्या हाताने सराव आरंभिला. १९४८ साली लंडनला तो रॅपिड फायर पिस्तूल स्पर्धेत उतरला तेव्हा अर्जेंटिनाचा जगज्जेता साएन्झ व्हॅलिएंते याने, तू येथे कशासाठी आलास, असे त्यास विचारले. शिकण्यासाठी, असे टाकाचने सांगितले. मग त्याने ५८० गुणांचा जागतिक विक्रम करून सुवर्णपदक घेतले. साएन्झ व्हॅलिएंते दुसरा आला, आणि तुझे शिकणे आता पुरे झाले आहे, अशी दाद त्याने टाकाचला दिली असे सांगतात. १९५२ साली हेलसिंकीस टाकाचने ते पदक पुन्हा जिंकले. आम्हांस या कथेत डाव्या हाताइतकाच तो हरलेला अर्जेंटिनी माणूस मोलाचा वाटतो. सामना संपल्यावर त्याच्यापाशी विनोद शिल्लक होता. ज्याला एकेक गुण कमावून हरावे लागले त्यालाच असा विनोद सुचतो; ज्याला गुण भेट म्हणून मिळतात त्याला हरल्यावर ऊन आठवते.

याच संदर्भात एका जुन्या सौजन्याविषयी आमचा मतभेद नोंदवून ठेवतो. १८९६ साली अथेन्सला पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये जॉन आणि समनर पेन हे अमेरिकन बंधू उतरले. लष्करी पिस्तुलाच्या स्पर्धेत कोल्ट रिव्हॉल्व्हरांनी त्यांनी पहिला आणि दुसरा क्रमांक घेतला. अंतर इतके की यजमान ग्रीकांस ते झोंबावे. दोघांत आधीच ठरले होते की पहिली स्पर्धा जो जिंकेल त्याने पुढच्या स्पर्धेतून अंग काढून घ्यावे. त्याप्रमाणे जॉन बाजूस झाला आणि पुढची स्पर्धा समनरने जिंकली. खेळाच्या इतिहासात हा प्रसंग सौजन्याचा नमुना म्हणून सांगतात. भावाभावांतील करार म्हणून तो सुंदर आहे यात शंका नाही. परंतु कोणा ग्रीक नेमबाजास विचारले असते तर, "दोघेही उतरा, आणि आम्हांस तिसरे येऊ द्या," असेच तो म्हणाला असता, असे आम्हांस वाटते. प्रतिस्पर्ध्यावर दया करणे हा त्याच्या योग्यतेविषयी दिलेला एक निकालच असतो, आणि तो अपीलावाचून दिलेला असतो. निकाल देणे हाच ज्यांचा व्यवसाय त्या आमच्या वाचकांस हे अधिक फोड करून सांगणे नको.

आमच्याविरुद्ध पहिला आक्षेप असा येईल की, गुणांच्या बाबतीत इतके कडक राहिल्यास क्लबात भांडणे होतील. होतील, काही झालेलीही आम्ही पाहिली आहेत. पण गेजवरून झालेले भांडण गेजने मिटते. न बोललेल्या नऊवरून आत साचलेली अढी कशानेही मिटत नाही. दुसरा आक्षेप 'हौशी' या शब्दाचा. आम्हांस आमच्या महाराष्ट्र मंडळांतील नाटके आठवतात. नाटक पडते, नट वाक्ये विसरतात, आणि पडद्याआडून कार्यवाह येऊन सांगतो की मंडळी हौशी आहेत, सांभाळून घ्यावे. प्रेक्षक टाळ्या देतात; कारण नायिकेचे यजमान कोण आहेत हे सर्वांस ठाऊक असते. घरापासून दूर पडलेल्या माणसांची एकमेकांस सांभाळून घेण्याची वृत्ती आम्ही समजू शकतो. तिने परमुलखात अनेक संसार तारले आहेत. परंतु हौस याचा अर्थ आवड. आणि ज्यास एखाद्या गोष्टीची आवड आहे तो तिच्याशी लबाडी कशी करील? पोटासाठी गाणाऱ्याने एक वेळ सूर चोरला तर त्यास क्षमा असावी. हौसेने गाणाऱ्यास ती कशासाठी?

याच्या दुसऱ्या टोकास पदकांच्या मागे लागलेली तरुण मुले आहेत. कानांवर पट्टे चढवून ती येतात आणि कोणाशी न बोलता जातात, अशी तक्रार आमच्या पिढीकडून ऐकू येते. तीत तथ्य थोडे आहे, हेवा अधिक आहे. ही मुले निदान आपला कागद खरा वाचतात. शिवाय कायद्याने रिव्हॉल्व्हर छत्रीसारखे उसने देता येत नाही आणि परवान्यावर काडतुसांची संख्याही लिहिलेली असते. तेव्हा क्लबाचे शस्त्र, क्लबाची मोजकी काडतुसे आणि शेजाऱ्याने सांगितलेल्या दोन गोष्टी यांवरच नवशिक्याची भिस्त असते. त्या दोन गोष्टी सांगण्यास आम्ही तयार आहोत काय, हा प्रश्न प्रौढांनी स्वतःस विचारावा.

आमच्या मराठी अधिकाऱ्यांचे आणखी एक वागणे आम्हांस खटकते. क्लबात गेल्यावरही ते आपले टोळके करून उभे राहतात. शेजारच्या लेनमध्ये मराठीच माणूस हवा, डबाही मराठीच हवा. ज्या खेळाच्या अखिल भारतीय स्पर्धेस एका मराठी माणसाचे नाव आहे त्या खेळात तरी हे शोभत नाही. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म बडोद्याचा, वकिली आणि सार्वजनिक कार्य अहमदाबादेस. लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून देश त्यांस ओळखतो. परंतु १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्थापनेतही तेच पुढे होते. सत्याग्रहात अनेकदा कारावास भोगलेला हा गांधीवादी माणूस बंदुकांच्या संघटनेचा संस्थापक होतो यात अनेकांस विसंगती वाटते. आम्हांस वाटत नाही. सभागृहात दोन्ही बाजूंस समान नियम लावणे हेच ज्याचे काम, त्यास नेमबाजीच्या मैदानाचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होय. तेथे रेंज ऑफिसरने थांबा म्हटले की पोलीस महानिरीक्षकासही शस्त्र खाली ठेवावे लागते. मावळंकरांनी आयुष्य गुजरातेत वेचले. आपण मात्र तीन वर्षांच्या बदलीवर जातो आणि शेजारच्या लेनमधल्या बंगाल्याचे नावही विचारीत नाही.

सरकारी नोकरी आणि कडवी स्पर्धा यांचे जमत नाही असेही कोणी म्हणू नये. पंचवीस मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या कोल्हापूरच्या राही सरनोबत महाराष्ट्र शासनात उपजिल्हाधिकारी झालेल्या. थायलंडच्या प्रतिस्पर्धिनीशी बरोबरी झाली, तेव्हा दोनदा जादा फेरी खेळून त्यांना ते पदक घ्यावे लागले. २०२४ साली पॅरिसला रायफलीत कांस्यपदक मिळविणारे कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. त्यांची लक्ष्ये यंत्राने वाचली. यंत्र कोणाच्या हाताखाली नोकरीस नव्हते.

द्रोणांनी एकलव्याचा अंगठा मागितला तो अर्जुनाचा पहिला क्रमांक अबाधित राहावा म्हणून. अर्जुनाने तो मागितला नव्हता, आणि नकोही म्हटले नाही. आमच्या क्लबांत अंगठे कोणी कापीत नाही; सुभेदार आपण होऊन घरी बसतात.

तेव्हा येत्या हिवाळी सामन्यांपुरत्या आमच्या मागण्या अगदी साध्या आहेत. तपासणीच्या मेजावर येणाऱ्या लक्ष्यपत्रावर नाव नसावे, केवळ क्रमांक असावा. कोणाच्याही खात्यातील हाताखालचा माणूस त्याच्या कागदाजवळ बसवू नये. एवढी माणसे नसतील तर शेजारच्या गावच्या क्लबाशी पंचांची अदलाबदल करावी, त्या निमित्ताने दोन गावांची ओळखही होईल. लेन सोडत काढून द्यावी, सावलीतली साहेबांस आणि उन्हातली इतरांस हा क्रम मोडावा. रेघेजवळच्या प्रत्येक गोळीस गेज लागलेच पाहिजे, आणि ते लागत असता त्या सभासदाने व त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, दोघांनीही तेथे हजर राहून पाहावे. रिव्हॉल्व्हर मागाहून पुसता येते. असे केल्यास काही वरिष्ठ मंडळी क्लबात येणे सोडतील आणि देणग्या आटतील, अशी भीती एका कार्यवाहांनी आमच्यापाशी व्यक्त केली. त्यांच्या क्लबात लेन दहा आहेत आणि प्रतीक्षायादी त्याहून मोठी आहे, ही माहितीही त्यांनीच आम्हांस दिली.